दीड फुटी शब्दांची फोड : इंग्रजी शब्दखेळांतील लांब शब्द आणि त्यांचे अर्थ

रोमन कवी होरेस याने इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात काव्यकलेवर लिहिताना नाटककारांना एक सूचना केली होती. शोकांतिकेतील पात्र दैन्यावस्थेत असेल तर त्याच्या तोंडी ‘दीड फूट लांबीचे’ शब्द शोभत नाहीत. ते टाकून दिल्याखेरीज प्रेक्षकाचे मन हलत नाही, असा तिचा आशय. त्याच्या त्या लॅटिन विशेषणावरून इंग्रजीत ‘सेस्क्विपेडेलियन’ हा शब्द आला. ‘सेस्क्वि’ म्हणजे दीड आणि ‘पेड’ म्हणजे पाऊल. संस्कृतातील ‘पद’ व ‘पाद’ यांचाच हा भाऊबंद. लांबलचक शब्दालाही हे विशेषण लावतात आणि असे शब्द फेकणाऱ्या माणसालाही. मराठीत ‘दीडशहाणा’ म्हणताना ‘दीड’ला जो वास येतो, तो तिकडेही आहे.

या शब्दात १४ अक्षरे आहेत. (येथे आणि पुढेही ‘अक्षर’ म्हणजे रोमन लिपीतील एक वर्ण.) स्क्रॅबलच्या पटाची रुंदी १५ घरांची आणि खेळाडूच्या हातातील टाइल ७. म्हणजे हा शब्द पटावर मावतो खरा, पण तो लावण्यासाठी निम्मी अक्षरे आधीच नेमक्या जागी पडलेली असावी लागतात. प्रत्यक्ष सामन्यात तसे घडण्याची वाट पाहणारा खेळाडू हरतो. तरीही लांब शब्दांची फोड करायला शिकलेला खेळाडू सहसा जिंकतो, कारण त्यातून सुटे होणारे तुकडेच पटावर कामाला येतात. आणि हे तुकडे ओळखण्यात मराठी वाचकाची अर्धी तयारी आधीच झालेली असते.

पटाचे माप

स्क्रॅबल हा खेळ आल्फ्रेड बट्स या अमेरिकी वास्तुविशारदाने १९३० च्या दशकातील मंदीच्या काळात बेतला. वृत्तपत्रांची पाने समोर घेऊन कोणते अक्षर किती वेळा येते हे त्याने मोजले आणि त्या मोजणीवर अक्षरांची संख्या व गुण ठरविले. आजचे नाव खेळाला १९४८ साली जेम्स ब्रूनो याने दिले. पिशवीत एकूण १०० टाइल असतात, त्यांपैकी दोन कोऱ्या. ‘ई’ १२ वेळा, ‘ए’ आणि ‘आय’ प्रत्येकी ९ वेळा. ‘क्यू’ व ‘झेड’ मात्र एकेकच आणि त्यांचे गुण प्रत्येकी १०. ‘एस’ अवघे चार आहेत, नाहीतर प्रत्येक शब्दाचे अनेकवचन करून गुण लाटणे फार सोपे झाले असते.

हातातील सातही टाइल एकाच डावात लावल्या तर ५० गुण जादा मिळतात. सगळे गणित या पन्नासात आहे. ‘ए, ई, आय, एन, आर, एस, टी’ ही सात अक्षरे प्रत्येकी एका गुणाची, म्हणजे बेरीज सात. पण ती एकदम लागली की ५७ होतात, पटावरील रंगीत घरांचा लाभ वेगळाच. या सात अक्षरांतून निघणारे शब्द नवशिक्याला एखादा दुसराच सुचतो. ‘रिटेन्स’ म्हणजे राखून ठेवतो. ‘नॅस्टिअर’ म्हणजे अधिक ओंगळ. ‘रेटिनाज’ म्हणजे डोळ्यांतील दृष्टिपटले. ‘स्टेनर’ म्हणजे लाकडाला रंग चढविणारा. ‘अँट्सिअर’ म्हणजे अधिक अस्वस्थ, जणू अंगावर मुंग्या चढल्यासारखा. ‘रेत्सिना’ ही झाडाच्या राळेचा स्वाद असलेली ग्रीक मद्याची जात. ‘स्टिअरिन’ हा मेणबत्त्यांत वापरला जाणारा चरबीजन्य पदार्थ. आणि ‘रॅटिने’ या खरखरीत कापडाचे अनेकवचन. सात टाइल, आठ शब्द. राळ, चरबी आणि कापड यांची चित्रे डोळ्यांपुढे आणली तर हे आठही एका बैठकीत पाठ होतात; नुसत्या अक्षरांच्या ओळी म्हणून घोकले तर आठवड्यात विसरतात.

मोठे विक्रम झाले तेही आठ अक्षरांवर. १९८२ साली मँचेस्टर येथे कार्ल खोश्नाव या खेळाडूने ‘कझीक्स’ हा शब्द लावून एका डावात ३९२ गुण मिळविले. वेस्ट इंडीज व मध्य अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या टोळीप्रमुखाला स्पॅनिश लोक जे म्हणत त्याचे हे अनेकवचन. अक्षरांची बेरीज २८. त्यात ‘क्यू’ दुप्पट गुणांच्या घरावर पडल्याने ३८. शब्द तिप्पट गुणांच्या दोन घरांवरून गेल्याने नऊपट, म्हणजे ३४२. आणि वर पन्नास. अमेरिकेत २००६ साली मायकेल क्रेस्टा याने ‘क्विक्सोट्री’वर ३६५ गुण घेतले, तेथे दुप्पट झाला ‘एक्स’. सर्व्हांतेसच्या ‘डॉन किहोते’ या नायकासारखे अव्यवहारी, स्वप्नाळू वागणे, असा त्या शब्दाचा अर्थ. पवनचक्क्यांवर भाला घेऊन धावणारा तो सरदार ज्याला माहीत आहे, त्याला या शब्दातील ‘क्यू’ आणि ‘एक्स’ वेगळे लक्षात ठेवावे लागत नाहीत.

पटाची पूर्ण रुंदी व्यापणारा एक शब्द कागदावरच्या गणितात प्रसिद्ध आहे : ‘ऑक्सिफेनब्युटाझोन’. सांध्यांच्या दाहावरचे हे एक औषध. १५ अक्षरे, त्यांत ‘एक्स’ही आणि ‘झेड’ही. तिप्पट गुणांच्या तिन्ही घरांवरून तो बसविला तर १,७०० हून अधिक गुण होतात, असे हिशेब मांडले गेले आहेत. अशी मांडणी खऱ्या सामन्यात कोणाच्या वाट्याला येणार नाही. ती आकडेमोडीची हौस आहे.

कोणता शब्द चालतो हे कोश ठरवितो. उत्तर अमेरिकेबाहेर, भारतातही, ‘कॉलिन्स स्क्रॅबल वर्ड्स’ ही यादी प्रमाण मानतात. तिच्या २०१९ च्या आवृत्तीत २,७९,४९६ शब्द आहेत आणि त्यांत दोन अक्षरी शब्द अवघे १२७. अमेरिकी यादी याहून लहान आहे. विशेषनामे दोन्हीकडे बाद. त्यामुळे सामना सुरू होण्यापूर्वी यादी कोणती, हे ठरवून घेणे बरे. निम्मी भांडणे तेथेच मिटतात.

कान-नाक-घसा

दवाखान्यांच्या पाट्यांवर ‘ओटोऱ्हिनोलॅरिंगॉलॉजिस्ट’ हा २१ अक्षरी शब्द क्वचित दिसतो. ‘ओटो’ म्हणजे कान, ‘ऱ्हिनो’ म्हणजे नाक, ‘लॅरिंगो’ म्हणजे स्वरयंत्र, आणि शेवटचा तुकडा म्हणजे त्या विषयाचा जाणकार. मराठीतील ‘कान-नाक-घसा तज्ज्ञ’ हा त्याचा तंतोतंत प्रतिशब्द आहे, अवयवांच्या क्रमासकट. इंग्रजी बोलणारा सामान्य माणूस ग्रीक शिकल्याखेरीज हा शब्द उलगडू शकत नाही. मराठी माणूस आपल्या शब्दाचा अर्थ पाटी वाचतावाचताच लावतो. यातला ‘ऱ्हिनो’ एकदा कळला की ‘ऱ्हिनोसेरॉस’ म्हणजे नाकावर शिंग असलेला प्राणी, हेही आपोआप कळते. ‘हिपोपोटॅमस’मध्ये ‘हिप्पो’ म्हणजे घोडा आणि ‘पोटॅमोस’ म्हणजे नदी. मराठीत तो पाणघोडाच. ‘पॅकिडर्म’ म्हणजे जाड कातडीचा प्राणी. त्यातील ‘पॅकि’ हे संस्कृत ‘बहु’चे ग्रीक भावंड, आणि ‘डर्म’ म्हणजे त्वचा. ‘डर्मॅटोग्लिफिक्स’ या १५ अक्षरी शब्दातही तेच ‘डर्म’ आहे. बोटांच्या आणि तळव्यांच्या रेषांचा अभ्यास, हा त्याचा अर्थ. आणि त्याच्या पंधरा अक्षरांत एकही अक्षर दोनदा येत नाही, म्हणून शब्दकोड्यांच्या शौकिनांचा तो लाडका.

फोड चुकीच्या जागी केली तर अर्थ हुकतो. ‘हेलिकॉप्टर’चे तुकडे बहुतेक जण ‘हेलि’ आणि ‘कॉप्टर’ असे करतात. खरे तुकडे ‘हेलिको’ आणि ‘प्टर’ : फिरकी आणि पंख. हाच ‘प्टर’ ‘टेरोडॅक्टिल’ या पुरातन उडत्या सरीसृपाच्या आरंभी आहे, फक्त तेथे ‘पी’चा उच्चार होत नाही. ‘डॅक्टिल’ म्हणजे बोट. बोटाच्या आधाराने पंख ताणणारा, असे त्याचे नाव. संस्कृतात पंखाला ‘पत्र’ किंवा ‘पतत्र’ म्हणतात. पडणे आणि उडणे या दोहोंसाठी असलेल्या ‘पत्’ या धातूपासून हे शब्द निघाले आणि ग्रीक ‘प्टेरॉन’ही त्याच घराण्यातला. हिमालय म्हणजे हिम अधिक आलय, अशी फोड शाळेत केलेल्या वाचकाला हा व्यायाम नवा नाही.

ही नाती पहिल्यांदा जेथे कोणाच्या ध्यानात आली, त्या जागांमध्ये गोव्याचे नाव अग्रभागी आहे. इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स, ज्याचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले, त्याने १५८३ मध्ये गोव्याहून आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात इथल्या भाषांची रचना ग्रीक आणि लॅटिनसारखी असल्याचे नोंदविले होते. त्याच दशकात फिलिप्पो सासेत्ती या फ्लॉरेन्सच्या व्यापाऱ्याने आपल्या पत्रांत संस्कृत आणि इटालियन शब्दांच्या जोड्या दिल्या. सहा, सात, आठ, नऊ हे अंक, देव, सर्प. तो १५८८ मध्ये गोव्यातच वारला. विल्यम जोन्स याचे कलकत्त्यातील गाजलेले व्याख्यान झाले १७८६ मध्ये, म्हणजे त्यानंतर दोन शतकांनी.

शब्दखेळासाठी या नात्यांपैकी सर्वात उपयोगी एकच नियम आहे. संस्कृत व लॅटिनमध्ये शब्दारंभी जेथे ‘स’ असतो, तेथे ग्रीकमध्ये पुष्कळदा ‘ह’ येतो. सप्त, लॅटिनमध्ये ‘सेप्टेम’, ग्रीकमध्ये ‘हेप्टा’. अर्ध्यासाठी लॅटिन ‘सेमि’ आणि ग्रीक ‘हेमि’, संस्कृतात ‘सामि’. सहासाठी लॅटिन ‘सेक्स’, ग्रीक ‘हेक्स’, आपला ‘षट्’. मराठी माणसाला यात नवल वाटू नये, कारण ‘सप्ताह’ आणि ‘हप्ता’ हे दोन्ही शब्द तो रोज वापरतो. दुसरा फारसीतून आला आणि फारसीनेही ‘स’चा ‘ह’ केला. हे ध्यानी धरले की ‘हेमिस्फिअर’ आणि ‘सेमिसर्कल’ यांतला अर्धा भाग एकच आहे हे दिसते, आणि एकाच अर्थाचे दोन-दोन पूर्वप्रत्यय हाताशी येतात.

उपसर्गांचीही अशीच गत. ‘हायपर’ आणि ‘सुपर’ म्हणजे आपला ‘उपरि’. ‘हायपो’ म्हणजे ‘उप’, खाली किंवा कमी या अर्थाने. ‘पेरि’ म्हणजे ‘परि’, भोवती. म्हणून ‘पेरिमीटर’ म्हणजे परिमिती, आणि येथे तर दोन्ही भाषांतील दोन्ही तुकडे जुळतात. अभाव दाखविणारा ग्रीक ‘अ’ किंवा ‘अन्’ हा आपलाच ‘अ’ किंवा ‘अन्’, आणि तोही स्वरापूर्वी ‘अन्’ होतो. ‘अ‍ॅग्नॉस्टिक’मध्ये हा ‘अ’ आहे आणि त्यापुढचा ‘ग्नो’ म्हणजे ‘ज्ञा’. दातासाठी ‘डेंट’ वा ‘ओडोंट’, नावासाठी ‘ओनिम’ वा ‘नॉमिन’, उष्णतेसाठी ‘थर्म’, जो आपल्या ‘घर्म’चा आणि म्हणून घामाचा नातलग. ‘ट्रिस्काइडेकाफोबिया’ म्हणजे तेरा या आकड्याची भीती : ‘ट्रिस’ म्हणजे तीन, ‘काइ’ म्हणजे आणि, ‘डेका’ म्हणजे दहा, त्रयोदश. अक्षरे १७, त्यामुळे पटावर मावत नाही. पण ‘फोबिया’ सहा अक्षरांचा आहे आणि ‘एस’ जोडला की सात.

साखळी केवढी वाढू शकते याचा उत्तम नमुना ‘स्यूडोस्यूडोहायपोपॅराथायरॉइडिझम’ हा ३० अक्षरी वैद्यकीय शब्द. गळ्यातील पॅराथायरॉइड ग्रंथींचे संप्रेरक कमी पडले तर ‘हायपोपॅराथायरॉइडिझम’. संप्रेरक आहे, पण शरीर त्याला दाद देत नाही म्हणून लक्षणे तशीच दिसतात, तर त्याच्या आधी ‘स्यूडो’, म्हणजे खोटा. आणि रुग्णाची शरीरलक्षणे त्या खोट्या विकारासारखी, पण रक्तातील कॅल्शियम ठीक असेल, तर आणखी एक ‘स्यूडो’. अमेरिकी वैद्य फुलर ऑलब्राइट यांनी १९५२ साली हे नाव दिले. ते थट्टेचे वाटते. पण त्यातला प्रत्येक तुकडा काही तरी सांगतो आणि एकही वगळता येत नाही.

नावाजलेले लांबोडे

इंग्रजी कोशांतील सर्वात लांब म्हणून जो शब्द सांगितला जातो, तो शब्दखेळ्यांनीच घडविलेला आहे. ‘न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस’ : ४५ अक्षरे. अमेरिकेतील नॅशनल पझलर्स लीग या कोडेप्रेमींच्या संस्थेचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी १९३५ साली तो जुळविला, एका वृत्तपत्राने छापला आणि पुढे ऑक्सफर्ड कोशानेही, कृत्रिम शब्द अशी जाणीव देत, त्याला जागा दिली. ‘न्यूमोनो’ म्हणजे फुप्फुस, ‘अल्ट्रामायक्रोस्कोपिक’ म्हणजे अतिसूक्ष्म, ‘सिलिको’ म्हणजे सिलिका, ‘व्होल्कॅनो’ म्हणजे ज्वालामुखी, ‘कोनि’ म्हणजे धूळ आणि ‘ओसिस’ म्हणजे विकार. सहा तुकडे केले तर हा राक्षस पाच मिनिटांत पाठ होतो. आरंभीचा अनुच्चारित ‘पी’ तेवढा विसरू नये.

शब्द गमतीने केला असला तरी रोग गमतीचा नाही. वैद्यकात त्याला साधे ‘सिलिकोसिस’ म्हणतात : नऊ अक्षरे. दगड फोडताना, घासताना किंवा कापताना उडणारी सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसांत बसते आणि ती पुन्हा निघत नाही. गुजरातेत खंभातला अकीक घासणारे कारागीर आणि माळव्यात मंदसौरला पाटीवरच्या पेन्सिली कापणारे मजूर यांच्यात हा विकार मोठ्या प्रमाणावर आढळल्याच्या नोंदी भारतीय वैद्यकात आहेत. पाटीवर अक्षरे गिरविण्यासाठी ज्या पेन्सिली पिढ्यान्पिढ्या वापरल्या गेल्या, त्या कापताना उडालेली ही धूळ. ४५ अक्षरांचा विक्रम सांगताना ही नऊ अक्षरे सहसा कोणी सांगत नाही.

‘फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन’ या २९ अक्षरी शब्दाची कथा हलकी आहे. एखाद्या गोष्टीची काडीइतकीही किंमत न करणे, हा त्याचा अर्थ. लॅटिन व्याकरणात ‘कवडीमोल लेखणे’ या अर्थाचे शब्द एका ओळीत पाठ करून घेतले जात : ‘फ्लॉकस’ म्हणजे लोकरीचा पुंजका, ‘नॉकम’ म्हणजे क्षुल्लक वस्तू, ‘निहिल’ म्हणजे काहीच नाही आणि ‘पिलस’ म्हणजे केस. कोणा विद्यार्थ्याच्या डोक्याने ते चारही एकत्र गुंफले असावेत. इंग्रज कवी विल्यम शेन्स्टन याच्या १७४१ सालच्या पत्रात तो सापडतो, आणि २०१२ मध्ये जेकब रीस-मॉग यांनी तो ब्रिटिश संसदेत उच्चारला. मराठीत हेच काम ‘कस्पटासमान’ या एका शब्दाने भागते. ‘तृणवत्’ म्हटले तर आणखी थोडक्यात.

‘अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटेरियनिझम’मध्ये २८ अक्षरे आहेत आणि त्यातील ‘एस्टॅब्लिश’ हा गाभा सोडला तर बाकी सारे कपडे आहेत. ‘एस्टॅब्लिशमेंट’ म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडला असलेली राजमान्यता, ‘डिस’ने ती काढून घेतली, ‘अँटि’ने त्या काढून घेण्याला विरोध केला, ‘एरियन’ने त्या मताचा माणूस आणि ‘इझम’ने ते मत झाले. आयर्लंडमधील अँग्लिकन चर्चची राजमान्यता १८६९ च्या कायद्याने रद्द झाली, वेल्समध्ये ती १९२० मध्ये गेली. म्हणजे हा वाद ब्रिटनमध्ये खरोखर पेटला होता. आज त्या शब्दाला वाद उरलेला नाही, फक्त लांबी उरली आहे.

शेक्सपियरच्या ‘लव्ह्ज लेबर्स लॉस्ट’ या नाटकात कॉस्टर्ड हा विदूषकी पात्र असलेला गावकरी विद्वानांची टर उडविताना ‘ऑनॉरिफिकॅबिलिट्यूडिनिटॅटिबस’ हा २७ अक्षरी लॅटिन शब्द उच्चारतो. सन्मानास पात्र असण्याची अवस्था, असा त्याचा अर्थ लावतात. त्यात व्यंजन आणि स्वर एकाआड एक येतात, शेवटपर्यंत. याच शब्दाची अक्षरे फिरवून एडविन डर्निंग-लॉरेन्स याने १९१० साली एक लॅटिन वाक्य तयार केले आणि त्यावरून शेक्सपियरची नाटके फ्रान्सिस बेकनने लिहिली असे सिद्ध झाल्याचे जाहीर केले. अक्षरे हलविण्याच्या छंदाने माणूस कोठवर जातो, याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

‘सुपरकॅलिफ्रॅजिलिस्टिकएक्स्पिअ‍ॅलिडोशस’ या ३४ अक्षरी शब्दाला १९६४ च्या ‘मेरी पॉपिन्स’ चित्रपटाने प्रसिद्धी दिली. तो आनंदोद्गार आहे, फोड करण्यात अर्थ नाही. टिटिन या प्रथिनाचे १,८९,८१९ अक्षरांचे रासायनिक नाव अधूनमधून मिरविले जाते. ते नाव नसून सूत्र आहे, आणि कोणताही कोश ते घेत नाही.

फसव्या जागा

मराठी खेळाडूची मोठी अडचण लिपीची आहे. देवनागरीत उच्चार तसे लेखन. रोमन लिपीतील इंग्रजीत तसे नाही. ‘स्ट्रेंग्थ्स’ हा शब्द देवनागरीत चिमुकला दिसतो, पण इंग्रजीत नऊ अक्षरांचा आहे आणि त्यात स्वर एकच. ‘ऱ्हिदम्स’मध्ये सात अक्षरे आहेत आणि पाच नेहमीच्या स्वरांपैकी एकही नाही, त्याचे काम ‘वाय’ करतो. हातात स्वर नसताना सातही टाइल लावून देणारा हा शब्द आहे, मात्र पिशवीतील दोन्ही ‘एच’ त्याला लागतात. उलट ‘क्यूइंग’, म्हणजे रांगेत उभे राहणे, कानाला इवलासा आणि कागदावर आठ अक्षरांचा. त्यात पाच स्वर सलग येतात. ‘ऑफ्थॅल्मॉलॉजिस्ट’ म्हणजे नेत्रतज्ज्ञ, नेमकी १५ अक्षरे. त्यातला ‘पी’नंतरचा ‘एच’ शिकलेली माणसेही गाळतात.

अर्थाचीही एक फसगत सांगितली पाहिजे. ‘इन’ दिसला की नकार समजायची सवय लागते, पण ‘इन्फ्लेमेबल’ म्हणजे न पेटणारे नव्हे, तर चटकन पेटणारे. तेथील ‘इन’ हा ‘आत’ या अर्थाचा आहे. लोक उलटा अर्थ घेतील या भीतीने ज्वालाग्राही मालावर ‘फ्लेमेबल’ लिहिण्याचा आग्रह पुढे धरला गेला. टँकरच्या मागे दोन्ही शब्द दिसतात, अर्थ एकच.

अमेरिकेतील स्क्रिप्स नॅशनल स्पेलिंग बी ही १९२५ पासूनची स्पर्धा या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. स्पर्धक मुलाला शब्दाचा अर्थ, मूळ भाषा आणि वाक्यातील उपयोग विचारण्याची मुभा असते, आणि बहुतेक जण ती वापरतात. ग्रीक म्हटले की ‘फ’साठी ‘पी’ आणि ‘एच’, हे ठरूनच जाते. १९८५ साली बालू नटराजन हे पहिले भारतीय वंशाचे विजेते झाले. १९९९ चा निर्णायक शब्द होता ‘लॉगोऱ्हिया’, म्हणजे शब्दांचा न थांबणारा स्राव. त्यातील उत्तरार्ध ‘डायरिया’तला आहे आणि त्याचे मूळ संस्कृत ‘स्राव’शी जुळते. २०२१ चा होता ‘मरेया’, आपल्या कामिनीचे कुळ. कढीपत्त्यालाही वनस्पतिशास्त्राने दीर्घकाळ याच कुळात ठेवले होते. विशेषनामाप्रमाणे मोठ्या अक्षराने सुरू होत असल्याने स्क्रॅबलमध्ये मात्र तो चालत नाही. २०२३ चा ‘सॅमोफाइल’ म्हणजे वाळूत रमणारा जीव. आरंभी पुन्हा तोच मुका ‘पी’. आणि २०२५ चा ‘एक्लेरसिस्माँ’ म्हणजे उलगडा. हा फ्रेंच शब्द १५ अक्षरांचा, नेमका पटाएवढा.

अर्थ न कळताही जिंकता येते, हेही खरे. न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स पाच वेळा इंग्रजी स्क्रॅबलचा जगज्जेता झाला. फ्रेंच येत नसताना सुमारे नऊ आठवडे फ्रेंच यादी पाठ करून २०१५ साली तो फ्रेंच स्पर्धा जिंकला आणि २०२४ मध्ये स्पॅनिशही. त्याच्यापुढे शब्द म्हणजे निव्वळ आकृत्या असतात. अशी स्मरणशक्ती ज्याला लाभली असेल त्याने त्या वाटेने जावे. इतरांना शब्द टिकवायचा तर खुंटी लागते, आणि अर्थाइतकी पक्की खुंटी दुसरी नाही. ब्रिटनच्या ‘काउंटडाउन’ या १९८२ पासून चाललेल्या दूरचित्रवाणी खेळात नऊ अक्षरे आणि ३० सेकंद मिळतात. नऊही वापरली तर दुप्पट, म्हणजे १८ गुण. तेवढ्या वेळात हाताशी येतात ते तुकडेच : मागे ‘नेस’, ‘एबल’ किंवा ‘इंग’, पुढे ‘आउट’, ‘ओव्हर’ किंवा ‘अन’. सरावलेला खेळाडू टाइल हाती येताच हे तुकडे एका बाजूला काढून ठेवतो आणि उरलेल्या तीन-चार अक्षरांकडे पाहतो. प्रत्येक शब्दाला प्रत्येक तुकडा चिकटत नाही, हे मात्र कोशातच पाहावे लागते. प्रतिस्पर्ध्याने आव्हान दिले आणि शब्द यादीत नसला तर टाइल परत घ्याव्या लागतात आणि डाव फुकट जातो.

काही शब्दांसाठी ग्रीकपर्यंतही जावे लागत नाही. ‘ब्रिंजल’ म्हणजे वांगे, पोर्तुगिजांकडून इंग्रजीत आलेला आणि भारतीय इंग्रजीत स्थिरावलेला. सात अक्षरे, ‘जे’च्या आठ गुणांसह बेरीज १६, एकदम लागला तर ६६. ‘चटणी’चे इंग्रजी रूपही सात अक्षरी, बेरीज १५. हैदराबादच्या वाचकांना ओळखीचा ‘बँडिकूट’, म्हणजे घूस, हा तेलुगूतील ‘पंदिकोक्कु’ अर्थात डुक्कर-उंदीर, नऊ अक्षरे. आणि ‘माँगूस’ हा आठ अक्षरी शब्द सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत पोचला तो मराठी ‘मुंगूस’वरून. इंग्रजीत त्याच्या शेवटी हंस या अर्थाचा ‘गूस’ बसल्यासारखा दिसतो, म्हणून हंसाप्रमाणे त्याचे अनेकवचन ‘गीस’ करण्याचा मोह अनेकांना होतो. मुंगसाचा हंसाशी काही संबंध नाही. रूढ अनेकवचन ‘माँगूसेस’ हेच.